खड्डे, नग अकरा

जामसंड्याच्या वर, सड्यावर, घर बांधून झालं
तेव्हा दारात उभी राहून सुनेत्रा म्हणाली,
आई, इथे लॉन छान दिसेल.
पुण्याला गेल्यावर फोटो पाठवला:
हिरवंगार, आणि मधोमध एक पांढरी खुर्ची.

मी एकतीस वर्षं पोस्टात काढली,
लोकांच्या बचतीवर शिक्के मारत.
आवर्ती ठेव सुटली तिचे साठ हजार,
आणि एक दोनशे पानी वही.
उभी रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.
लॉन पहिल्याच पानावर खोडलं.
खुर्ची घरात आहे.

गडग्याला चिरे चारशे, दर पंचेचाळीस.
अठरा हजार.
आधी भिंत कशाला, हे म्हणाले.
मी म्हटलं, गुरं.
माघ संपला की सड्यावर
हिरवं दिसेल ते त्यांचंच.

मग अकबर सोलकर ब्रेकर घेऊन आला.
चपलेची टाच कातळावर दोनदा आपटली,
आवाज ऐकला, आणि म्हणाला,
खड्ड्याला नऊशे, काकी.
खडूने गोल काढत फिरला अंगणभर,
जणू पाट मांडतोय जेवणाला.
मी लिहिलं: खड्डे, नग अकरा.
लिहिताना पेन थांबलं.
पोकळी अशी नगावर
विकत घेतली नव्हती कधी.

आणि ती भरायला माती,
चार डंपर, चौदा हजार.
रोपं सव्वीसशे: अबोली, अनंत, दोन बकुळी,
कोकम, कढीपत्ता, कुंपणाला मेंदी.
राहिले साडेपंधरा.
फेब्रुवारीपासून मे संपेतो
आठवड्याला एक टँकर, अकराशेचा, असे सोळा.
बेरीज तीनदा केली.
एकवीसशे कमी.

दोन खड्डे काढून टाकले.
त्यातला एक सोनचाफ्याचा,
म्हणजे तीनशेचं कलमही वाचलं.
हिशोब रुपयाला रुपया जुळला
आणि मला मुळीच आनंद झाला नाही.

चैत्रात रात्री नऊलाही
कातळ अनवाणी पायाला चावतो.
भांडी विसळलेलं पाणी अनंताला,
तांदूळ धुतलेलं अबोलीला,
यांची आंघोळ आता बकुळीशेजारी, दगडावर बसून,
पंचा नेसून, रस्त्याकडे पाठ करून.
त्यांनी तक्रार केली नाही.
साबण मात्र मी बदलला.

अबोलीच्या वाफ्यात एक दिवस
बारीक पाती दिसली. गवत समजून
उपटायला वाकले, तर भात.
सात-आठ रोपं, कुणी न पेरलेली.

त्याच आठवड्यात एक म्हातारा गडग्यापाशी थांबला.
आत या म्हटलं तर चपला काढून आला,
तापल्या कातळावरून, सावकाश.
लवू घाडी. खालच्या वाडीतला.
"माका माती बघूची होती."

चहा नको म्हणाला. वाफ्याशी उकिडवा बसला,
चिमूट उचलली, बोटांत चुरली, नाकाशी नेली.
"वरच्या कुणग्याची ही.
औंदा लावूक कोण नाय. गुडघे गेले.
पाणी किती घालतास?"
रोज, मी म्हटलं.
"हीका येवढा नको. दिसाआड घाला.
वर पातेरो टाका, ती धरून ठेवता पाणी."
भाताच्या रोपांवरून त्याने तळवा फिरवला,
लेकराचे केस विस्कटावेत तसा,
आणि उठताना म्हणाला,
"ह्यां मात्र उपटा. फुलाचां खात."

मी उपटलं नाही.

रात्री वही काढली.
माती, चार डंपर, चौदा हजार.
त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं:
लवू घाडी, वरचा कुणगा.
रकमेत काही फरक पडला नाही.

दिसाआड पाणी म्हणजे मेअखेर
दोन टँकर तरी वाचतील. बावीसशे.
हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.
सोनचाफ्याच्या जागी अकबरने काढलेला
खडूचा गोल आहे तसाच आहे.
ऊन त्याला पुसत नाही.
पाऊस पुसेल.
त्याच्या आत ठरवायला हवं.